रेकॉर्डर सुरू करण्याआधी

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत पुनर्विकासाची बातमी करायला गेलं, की आजी आधी चहा पुढे करतात आणि मग बिल्डरबद्दल, सोसायटीच्या कमिटीबद्दल मोकळेपणाने बोलू लागतात. आपला मोबाइल ते टिपतोय, हे त्यांना ठाऊक असायलाच हवं.

भारतीय प्रेस परिषदेची आचारसंहिता सांगते: समोरच्याच्या माहितीशिवाय किंवा संमतीशिवाय संभाषण ध्वनिमुद्रित करू नये. कायदेशीर कारवाईत पत्रकाराच्या बचावासाठी ते गरजेचं असेल किंवा तसंच सबळ कारण असेल, तरच अपवाद.

न्यायालयाची कसोटी वेगळी. मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या लाचप्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली, एकाच बाजूच्या संमतीने टेप केलेलं फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून स्वीकारलं. पण तिथे टेप करणारे पोलीस होते. त्या निकालाचा आधार घेऊन आजींच्या नकळत रेकॉर्डिंग करणं मला मुळीच पटत नाही.

फोन टेबलावर दिसेल असा ठेवावा. संमतीचा प्रश्न आणि उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्यावं. ‘हे छापू नका’ असं आजी म्हणाल्या, तर रेकॉर्डर त्यांच्यासमोर बंद करावा. आणि ती क्लिप कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. आजींनी होकार दिलेला असतो तो बातमीपुरता.