तारखेचा क्रम आणि फाइलीचे नाव

मराठीत तारीख दिवसापासून सांगतात: '१७ सप्टेंबर १९४८'. मोडी पत्रांतील शुहूर सनात तर वर्षही एकंस्थानापासून लिहीत. पानिपतच्या युद्धाचे शुहूर वर्ष ११६१. ते 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, असे होई. वाचणारा संपूर्ण पद ध्यानी घेऊन अर्थ लावी, म्हणून त्यास हा क्रम बाधत नसे. संगणक मात्र फाइलींची नावे लावताना डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो.

समजा, देवगाव रंगारी येथील निजामकालीन जमिनीच्या कागदांची छायाचित्रे घेऊन त्यांस प्रोग्रॅमद्वारे नावे द्यावयाची आहेत. बोलीचा क्रम ठेवल्यास '१७-९-१९४८' हे '२-१०-१९४७' च्या आधी लागेल. कारण १ हा अंक २ च्या अलीकडचा. वर्ष आधी घेऊनही '१९४८-१०-२' हे '१९४८-९-१७' च्या पुढे सरकेल. यास्तव वर्ष, महिना, दिवस हा क्रम व एकेरी अंकामागे शून्य, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात: '१९४८-०९-१७'. आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकाने हीच रीत स्वीकारली आहे. तिरपी रेघ वर्ज्यच. ती संगणकास फोल्डरची सीमा वाटते.

सी व पायथन या भाषांत हे काम 'स्ट्रफटाइम' करते. टक्केचिन्हापुढे मोठा वाय लिहिला असता चार अंकी वर्ष, लहान एमने महिना व लहान डीने दिवस मिळतो. मोठा एम मात्र मिनिटे देतो. ती चूक झाली तरी प्रोग्रॅम थांबत नाही, आणि सातवे मिनिट जुलै महिना म्हणून नावात बसते.

याहून गंभीर प्रश्न अर्थाचा आहे. प्रोग्रॅम घड्याळातून घेतो ती तारीख छायाचित्राची, कागदाची नव्हे. हैदराबाद संस्थानात फसली सन चाले. त्याचे वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. कागदावर केवळ 'फसली १३५७' असल्यास तो १९४७ चा की १९४८ चा, हे ठरत नाही. तेथे नियम पुरा करण्यासाठी '१९४८-०१-०१' घातले, तर कागदात नसलेली तारीख नोंदीत शिरते आणि पुढील अभ्यासक तिला पुरावा मानतो. म्हणून नावात '१९४७-१९४८' एवढेच लिहावे, मूळ फसली सन नोंदीत जसाच्या तसा ठेवावा, व छायाचित्राची तारीख वेगळी दाखवावी. जेवढे कागद सांगतो, तेवढेच नावाने सांगावे.