डोळस सेवा

‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण अनपेक्षित लाभ झाला म्हणजे आपण सहज उच्चारतो. परंतु खरोखरीच दृष्टी गमावून बसलेल्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट या म्हणीत सांगितलेली नाही. देणारा कितीही उदार असला, तरी मागणाऱ्याला त्याच्या दारापर्यंत पोचता आले पाहिजे. आडगावातील वृद्धा आणि शहरातील रुग्णालय यांच्यामध्ये जे अंतर असते ते केवळ मैलांचे नसते. ते कोणी तोडावयाचे? गावोगावच्या धर्मादाय संस्था आणि लायन्स, रोटरी यांसारखे सेवा-क्लब यांच्या कार्याचे मर्म या प्रश्नात आहे. नेत्रशिबिराच्या उदाहरणाने ते उलगडून पाहू.

आपल्या देशात उतारवयात येणाऱ्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातील पारदर्शक भिंग हळूहळू गढूळ होत जाते आणि माणसाला जग धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. औषधाने किंवा चष्म्याने हा गढूळपणा जात नाही. शस्त्रक्रियेने ते भिंग काढून त्याजागी कृत्रिम भिंग बसविले, तर मात्र बहुतेकांना पुन्हा चांगले दिसू लागते. म्हणजे हे अंधत्व असे आहे की, जे पुष्कळ अंशी दूर करता येते. आणि म्हणूनच ते तसेच राहू देणे ही समाजाला बोचणी लावणारी गोष्ट आहे.

लायन्स क्लबांची चळवळ १९१७ साली अमेरिकेत, शिकागो येथे सुरू झाली. १९२५ च्या तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी भाषण केले. स्वतः अंध आणि बधिर असलेल्या या विदुषीने अंधांच्या कैवारासाठी पुढे येण्याचे आवाहन केले आणि क्लबांनी ते शिरोधार्य मानले. भारतात ही चळवळ १९५६ मध्ये आली. नेत्रशिबिरे आपल्याकडे त्याआधीही भरत असत. सुटीत मोकळ्या पडलेल्या शाळेत किंवा धर्मशाळेत खाटा मांडावयाच्या, शहरातून शल्यवैद्य आणावयाचे आणि तेथेच शस्त्रक्रिया करावयाच्या, असा तो प्रघात होता. त्याने असंख्य लोकांना दृष्टी दिली, हे खरे. परंतु तात्पुरत्या जागेत निर्जंतुकतेची खात्री देता येत नाही, आणि संसर्गामुळे काही ठिकाणी रुग्णांनी होती ती दृष्टीही गमावली. म्हणून गावात केवळ तपासणी आणि शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयात, ही पद्धत आता योग्य मानली जाते.

या पद्धतीचा उत्तम पाठ मदुराईने घालून दिला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटे तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली होती. तरीही त्यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे नाजूक कसब हस्तगत केले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ज्यांना शक्य आहे त्यांनी शुल्क द्यावे आणि त्यातून इतरांवर विनामूल्य उपचार व्हावेत, ही त्यामागील योजना. पुढे १९९२ मध्ये कृत्रिम भिंगे स्वतःच तयार करणारा कारखाना या संस्थेच्या प्रेरणेने निघाला आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

वैद्य आहेत, भिंग आहे, शस्त्रक्रियाही फुकट आहे. मग अडते कोठे? तमिळनाडूच्या खेड्यांतील एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना उपचारांची गरज होती अशा शंभर प्रौढांपैकी सातजणदेखील शिबिराला आले नव्हते, असे तीत आढळले. कारणे विचारली, तेव्हा कोणी भीती सांगितली, कोणी खर्च सांगितला, कोणी घरची जबाबदारी पुढे केली. फुकट शस्त्रक्रियेलाही खर्च असतो! गाडीभाडे लागते, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, घरी नातवंडाला सांभाळावयास कोणी उरत नाही. ‘आता माझे काय राहिले आहे?’ असे म्हणून वार्धक्य स्वतःच आपला हक्क सोडून देते, ते तर वेगळेच.

स्थानिक संस्थेची खरी गरज येथे लागते. कोणाच्या डोळ्यांत पडदा आला आहे, हे शहरातील वैद्याला ठाऊक नसते. ते शाळेतील गुरुजींना, भजनी मंडळाला, शेजारणीला ठाऊक असते. म्हणून कामाची वाटणी अशी होते: रुग्णालयाने वैद्य आणि शस्त्रक्रियागृह द्यावे, क्लबाने गाडी, जेवण आणि औषधे यांचा खर्च उचलावा, आणि गावातील मंडळींनी माणसे द्यावीत. दवंडी पिटून भागत नाही. कार्यकर्त्याने घरी जाऊन ओसरीवर बसावे लागते, सुनेची समजूत घालावी लागते, चार दिवस शेळीला चारा घालण्याचे कबूल करावे लागते. शस्त्रक्रियेनंतरही काम संपत नाही. डोळ्यांत वेळेवर थेंब पडतात की नाही हे पाहणे आणि फेरतपासणीला रुग्णाला हाताला धरून आणणे, हे कामही तितकेच मोलाचे असते.

हार-तुरे आणि छायाचित्रे यांपाशीच ज्या शिबिराची समाप्ती होते, त्याची गणना सोहळ्यात करावी, सेवेत नव्हे. किती लोक रांगेत उभे राहिले, हा हिशेब अपुरा आहे; महिन्याभराने किती जणांना स्वच्छ दिसू लागले, हा हिशेब खरा. आणि ज्याला मदत मिळाली त्याला व्यासपीठावर उभे करून त्याच्या लाचारीचे प्रदर्शन मांडू नये, एवढे सौजन्य तर देणाऱ्याने पाळलेच पाहिजे.

गोव्यात पणजीला ‘मुष्टिफंड’ या नावाची एक शिक्षणसंस्था आहे. घरोघरच्या मूठमूठ तांदळावर तिची उभारणी झाली, हे तिच्या नावातच नमूद आहे. मूठभर धान्य देणारे घर केवळ दाता राहत नाही, ते त्या कार्याचे भागीदार होते. सेवा-क्लबाचे धन बाहेरून येईल. पण त्यात गावाची मूठ पडली नाही, तर ते कार्य गावाचे होत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या महाराष्ट्र मंडळांनाही भोवतालच्या वस्त्यांसाठी अशी एक मूठ सहज देता येईल.

शस्त्रक्रिया होऊन आलेली म्हातारी परतल्यावर एके दिवशी तांदळातले खडे स्वतः वेचू लागते. शेजारची दुसरी म्हातारी दारातून ते पाहते. पुढच्या शिबिराला तिला घेऊन येण्यास कोणा कार्यकर्त्याची गरज उरत नाही. पहिलीच तिचा हात धरून निघते.