खिशात मावणारं स्वस्त पिस्तूल: वर्धा जिल्ह्यात ते कायद्याने घेता येतं का?

मोबाईलवर रील्स चाळताना असा एखादा व्हिडिओ हमखास समोर येतो. अमेरिकेतला कुणीतरी तळहाताएवढं ९ मिलिमीटरचं पिस्तूल दाखवतो, किंमत तीनशे डॉलरच्या आत असल्याचं सांगतो आणि ते शर्टाखाली कमरेला कसं लपवायचं याचं प्रात्यक्षिकही देतो. तीनशे डॉलर म्हणजे चांगल्या स्मार्टफोनचे पैसे. मग खाली मराठीत कमेंट येते, "आपल्याकडे मिळतं का असं?"

प्रश्न विचारणारे सगळे हौशी नसतात. हिंगणघाटच्या बाजारातून रात्री रोकड घेऊन घरी परतणारा व्यापारी, आडमार्गावरच्या पेट्रोल पंपाचा मालक, जमिनीच्या वादातून धमक्या येणारा माणूस, अशा लोकांची भीती खरी असते. मात्र या भीतीपोटी टाकलेलं चुकीचं पाऊल थेट तुरुंगात नेऊ शकतं. म्हणून कायदा काय सांगतो, ते आधी समजून घ्यायला हवं.

भारतात शस्त्र हा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा पिस्तूल घेता येत नाही, जवळ ठेवता येत नाही आणि सोबत नेताही येत नाही. आधी परवाना, मग शस्त्र, हा क्रम बदलत नाही. वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. त्याआधी ही मर्यादा तीन होती.

व्हिडिओतलं ९ मिमी पिस्तूल का मिळत नाही?

कायद्याने शस्त्रांचे दोन गट केले आहेत. ९ मिमी, पॉइंट ३८, पॉइंट ४५ ही 'प्रतिबंधित बोअर'ची शस्त्रं. ती प्रामुख्याने सैन्य आणि पोलिसांसाठी असतात. सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे आणि त्यासाठी जिवाला अतिशय गंभीर धोका असल्याचं दिसावं लागतं.

उरतात ती अप्रतिबंधित बोअरची शस्त्रं, म्हणजे मुख्यतः पॉइंट ३२ ची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर, तसंच पॉइंट २२. स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेले बहुतेक लोक पॉइंट ३२ वरच येऊन थांबतात. परदेशी पिस्तूल मागवायचा मार्गही बंद आहे. सामान्य नागरिकांसाठी हँडगनची आयात १९८० च्या दशकातच थांबवली गेली. म्हणून देशात आधीपासून असलेल्या जुन्या विदेशी पिस्तुलांना इथे अव्वाच्या सव्वा भाव मिळतो.

मग 'स्वस्त' म्हणजे किती?

इथेच पहिला धक्का बसतो. कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे पॉइंट ३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे पर्समध्ये सहज मावणारं. किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर आणलं. त्याचं वजन ६७५ ग्रॅम. पिस्तूलच हवं असेल, तर सरकारी कारखान्यातलं 'अशनी' आहे.

काडतुसं, सराव, घरात शस्त्र ठेवायची तिजोरी आणि परवान्याचं नूतनीकरण यांचा खर्च वेगळा. थोडक्यात, तीनशे डॉलरचं कायदेशीर पिस्तूल भारतात मिळत नाही.

वर्ध्यात परवाना कोण देतं?

नागपूर शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. वर्धा जिल्ह्यात आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी असतात. अर्जदार आर्वीचा असो वा समुद्रपूरचा, अर्ज वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच जातो.

शस्त्र नियम, २०१६ नुसार व्यक्तीने 'ए-१' नमुन्यात अर्ज करायचा असतो. सोबत ओळख, वय आणि पत्त्याचे पुरावे, मानसिक व शारीरिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. अर्ज आला की पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, शेजारीपाजारी काय सांगतात, धोका खरा आहे का, हे त्यात पाहिलं जातं. परवाना मंजूर झाला की त्याला राष्ट्रीय माहितीसाठ्यातला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला परवाना वैध धरला जात नाही. परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

'सबळ कारण' म्हणजे काय?

सगळा अर्ज या एका मुद्द्यावर तरतो किंवा बुडतो. कायद्याच्या कलम १३ मध्ये एक बारीक भेद आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, तसंच पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्याला कायदा थोडा झुकतं माप देतो. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र 'सबळ कारण' दाखवावंच लागतं. म्हणून रानडुकरं आणि रोह्यांनी हैराण झालेल्या सेलू-कारंजाकडच्या शेतकऱ्याने पीक राखायला पिस्तूल मागितलं, तर ते कारण टिकणार नाही. आणि बंदुकीचा परवाना असला, तरी वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा लागू असतोच.

नियमांनुसार पिस्तुलासाठी विचार होतो तो प्रामुख्याने तीन प्रकारच्या लोकांचा: व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जीव वा मालमत्ता वाचवण्याची खरी गरज असलेले, किमान दोन वर्षं नेमबाजी क्लबचे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू, आणि अशीच खरी गरज असलेले सैन्य, केंद्रीय दल किंवा पोलिसांतले आजी-माजी कर्मचारी. 'भीती वाटते' एवढं लिहून भागत नाही. धमकीची तक्रार, गुन्ह्याची नोंद, रोकड वाहून नेण्याचं स्वरूप असं काहीतरी कागदावर दिसावं लागतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार मिळाला, तर त्याविरुद्ध अपीलही करता येतं.

परवाना मिळाला, मग लपवून नेता येतं?

इथे अमेरिकेशी तुलना उलटी होते. तिथे शस्त्र झाकून नेणं ही वेगळी सवलत मानली जाते आणि अनेक राज्यांत तिचे वेगळे नियम आहेत. भारतात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकूनच न्यावं लागतं. पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि पूर्ण ताब्यात असलं पाहिजे. कमरेला दिसेल असं खोचून बाजारात हिंडणं म्हणजे परवाना धोक्यात घालणं.

लग्नात, वरातीत किंवा मिरवणुकीत शस्त्र नाचवायला मनाई आहे. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेशही येऊ शकतो.

मग 'कट्टा' स्वस्त पडतो ना?

काही हजारांत मिळणारं 'देशी कट्टा' किंवा गावठी पिस्तूल हीच या प्रश्नातली खरी खोच आहे. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीचं नाव महाराष्ट्रातल्या जप्तीच्या बातम्यांत वारंवार येतं. या शस्त्राची कुठलीही चाचणी झालेली नसते. गोळी अडकणं, नळी फुटणं, आपोआप बार उडणं, असं काहीही होऊ शकतं आणि त्यात जखमी होतो तो धरणाराच. आधी कुणी ते गुन्ह्यात वापरलं असेल, तर त्या तपासाचा धागाही नव्या मालकापर्यंत येतो.

शिक्षेचा हिशेब तर साफ आहे. विनापरवाना शस्त्र जवळ सापडलं, तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. प्रतिबंधित बोअरचं असेल, तर सात ते चौदा वर्षं. बनवणाऱ्या आणि विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. 'स्वसंरक्षणासाठी घेतलं होतं' म्हटल्याने विनापरवाना शस्त्र कायदेशीर ठरत नाही. हातात कट्टा घेऊन काढलेला फोटो स्टेटसला ठेवणारा तर पोलिसांना घरबसल्या पुरावा देतो.

अशा शस्त्राची एक गोष्ट वर्धेकरांच्या फार जवळची आहे. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा खून झाला, तो एका छोट्या बेरेटा पिस्तुलाने. ते पिस्तूलही ग्वाल्हेरमध्ये बेकायदा मिळवलेलं होतं.

भीती खरी असेल तर काय करावं?

धमकी आली असेल, तर पहिलं काम लेखी तक्रार आणि तिची पोच. तातडीची मदत ११२ वर मिळते. धोका मोठा असेल, तर पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाची मागणी करता येते. हीच कागदपत्रं पुढे परवान्याच्या अर्जातही कामी येतात. रोख कमी करून व्यवहार बँकेतून करणं, येण्याजाण्याच्या वेळा बदलणं आणि दुकानात कॅमेरे बसवणं यांना परवाना लागत नाही.

परवाना मिळालाच, तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण बचावासाठी गरज होती तेवढंच बळ वापरण्यापुरता. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणं फार कठीण असतं. प्रत्येक गोळीचा हिशेब शेवटी कोर्टात द्यावा लागतो, मग पिस्तूल लाखाचं असो वा काही हजारांचं.