सेन्सर बदलण्याआधी मल्टीमीटर लावा!

छोटं गॅरेज टाकायचं म्हणताय ना, मग हा जॉब आधी पक्का शिका. जुनी पेट्रोल गाडी येते. चेक इंजिनचा दिवा लागलेला, पंखा सतत चालू, पेट्रोल जास्त खाते. स्कॅनरवर कोड दिसतो पी०११८. बरेच जण लगेच कूलंट टेंपरेचर सेन्सर बदलून मोकळे होतात. आणि दोन दिवसांनी गाडी परत दारात!

अहो, हा कोड ‘सेन्सर खराब’ असं म्हणतच नाही. सिग्नलचा व्होल्टेज फार जास्त आहे, एवढंच सांगतो. म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय. वायर असेल, गंजलेला कनेक्टर असेल, नाहीतर सेन्सर.

दोन पिनांचा सेन्सर असेल तर इग्निशन बंद ठेवून कनेक्टर काढा. मग इग्निशन ऑन करून कनेक्टरच्या दोन पिनांत व्होल्टेज बघा. साधारण ५ व्होल्ट नाही मिळाले, तर वायरिंग शोधा. मिळाले, तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. मीटर ओपन दाखवतोय? सेन्सर गेला. इंजिन थंड झाल्यावरच बदला, कमी झालेलं कूलंट भरा.

दोन्ही ठीक असेल तर पिना साफ करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पार्ट तर विकलाच नाही, मग कमाई कुठून? म्हणून तपासणीचा दर बॉनेट उघडण्याआधीच सांगायचा आणि बिलावर वेगळा लिहायचा. गिऱ्हाईक थोडं कुरकुरेल, कुरकुरू द्या.