काळ्या वायरीची कारागिरी

कार डेकोरच्या दुकानात स्टिरिओ नेहमी समोरून विकला जातो. नऊ इंची टचस्क्रीन, रंग बदलणारे दिवे, खोक्यावर ठळक छापलेलं ‘५० वॅट × ४’. गिऱ्हाईक पडद्यावर बोट फिरवतं, दुकानदार आवाज चढवून दाखवतो आणि सौदा ठरतो. पण तो स्टिरिओ वर्षानुवर्षं नीट वाजणार की आठवड्याभरात बॅटरी उतरवणार, हे त्याच्या पाठीमागे ठरतं. तिथे रंगीबेरंगी वायरींचा झुपका असतो आणि त्यात एक साधी काळी वायर असते. वायरमनचं कसब जोखायचं असेल, तर ती काळी वायर त्याने कुठे आणि कशी बसवली ते पाहावं.

आपल्याकडे हा धंदा छोट्या गाड्यांच्या आधाराने फोफावला. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये कंपनीचा टेप नसायचा. गाडी घ्यायची आणि टेप बाहेरून बसवून घ्यायचा, हा रिवाजच पडला. कॅसेट गेली, सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आता अँड्रॉइडचे पडदे आले, तरी गॅरेजमध्ये अजूनही बरेच जण ‘टेप बसवायचाय’ असंच म्हणतात. यातले बरेच अवतार एकाच खाचेत बसतात, कारण खाचेचं माप ठरलेलं आहे. जर्मनीच्या ‘डिन’ मानकाप्रमाणे ती १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. उंची दुप्पट झाली की तो ‘डबल डिन’.

गाडीत संगीत आणण्याची खटपट यापेक्षा खूप जुनी आहे. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीत भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला ती गाडी घेऊन गेले. त्यांचीच कंपनी पुढे मोटोरोला म्हणून जगभर पसरली. रेडिओ वाजवण्यापेक्षा त्यातली खरखर थांबवणं त्यांना जड गेलं. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपणच, आणि रेडिओ ते इमानेइतबारे पकडायचा. या कामात गॅल्विन यांच्याबरोबर असलेले एल्मर वेव्हरिंग यांनी नंतर मोटारीच्या अल्टरनेटरच्या विकासातही मोठा वाटा उचलला. त्याच अल्टरनेटरची शीळ आज वायरमनच्या डोक्याला सगळ्यात मोठा ताप असते. त्याकडे पुढे येऊच.

आधी रंगांची ओळख. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात. पिवळी थेट बॅटरीची. चावी काढली तरी तिच्यात १२ व्होल्ट असतात आणि घड्याळ, साठवलेली स्टेशनं, आवाजाची मांडणी तिच्याच जिवावर टिकते. लाल चावीवरची, ती स्टिरिओला उठवते आणि झोपवते. निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर अँप्लिफायरला जागं करते. नारिंगी-पांढरी हेडलाइट लागले की पडद्याचा उजेड मंद करते. स्पीकरच्या जोड्या चार: पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. प्रत्येकीची काळ्या रेघेची बहीण म्हणजे त्या स्पीकरचं मायनस.

हे रंग फक्त स्टिरिओच्या बाजूचे. गाडीच्या वायरिंगमध्ये प्रत्येक कंपनीचा कारभार निराळा. म्हणून रंगाला रंग जोडणारा माणूस शिकाऊ, आणि मल्टिमीटर लावून प्रत्येक वायर तपासणारा तयार. त्यातही गाडीच्या हार्नेसवर पिवळं आवरण किंवा पिवळा कपलर दिसला तर जाणता माणूस हात मागे घेतो, कारण ती बहुधा एअरबॅगची वायर असते. तिला टेस्ट लॅम्प लावणं धोक्याचं. गोल-चौकोनी कपलर सारखा दिसला म्हणूनही भागत नाही. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत कायम सप्लाय आणि चावीचा सप्लाय यांच्या जागा नेहमीच्या उलट असतात. तसंच जोडलं तर गाडी बंद केली की सगळी स्टेशनं पुसली जातात.

घाईच्या दुकानात यावर एक सोपा तोडगा निघतो: पिवळी आणि लाल एकत्र पिळून थेट बॅटरीला. स्टिरिओ लगेच वाजतो, गिऱ्हाईक खूश. पण आता त्याला झोप कधीच नाही. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. स्टिरिओ जागा राहून ०.३ अँपिअर जरी ओढत राहिला, तरी चार-पाच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. मग दोष बॅटरीला दिला जातो आणि नवी बॅटरी घेतली जाते.

आता काळी वायर. गाडीत प्रत्येक उपकरणाला प्लसची वायर वेगळी जाते, परतीची मात्र बहुतेकदा थेट बॅटरीपर्यंत नेत नाहीत. बॅटरीचं मायनस बॉडीला आणि इंजिनला बांधलेलं असतं आणि सगळा पत्रा हाच परतीचा रस्ता होतो. हेच बॉडी अर्थिंग. सोय मोठी, पण पत्र्यावर रंग असतो, रंगाखाली प्रायमर, आणि दोन्हींतून वीज जात नाही. डॅशबोर्डमागच्या कुठल्याही स्क्रूखाली काळी वायर दाबली तर ती कदाचित प्लॅस्टिकला अडकवलेल्या पत्र्याच्या तुकड्याला लागते, तर कदाचित बॉडीला असूनही रंगावर टेकलेली असते.

त्याने बिघडतं काय, ते आकड्यांत पाहू. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, येतात जवळजवळ ५२ वॅट. खोक्यावरच्या पन्नासाचा उगम हा. तो आवाज पूर्ण फाटल्यावरचा, कानाला नकोसा आकडा. स्वच्छ संगीत एका स्पीकरला वीस वॅटच्या आसपासच मिळतं. चार स्पीकरचे ऐंशी, त्यात उष्णतेत वाया जाणारी वीज मिळवली की स्टिरिओ भरात असताना नऊ-दहा अँपिअर ओढतो. त्याच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज सहसा असतो तो याच हिशेबाने. आता काळ्या वायरीच्या टोकाला फक्त ०.१ ओहमचा अडथळा असू द्या. १० अँपिअरला तिथे पूर्ण १ व्होल्ट अडतो. नळ कितीही मोठा सोडा, मोरीचं तोंड तुंबलं असेल तर पाणी तुंबतंच. ढोलाच्या ठोक्याला पडद्याचे दिवे मिणमिणतात, आवाज चढवला की स्टिरिओ आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

काळी वायर सुटलीच, तर वीज दुसरी वाट शोधते. अँटेनाच्या केबलची बाहेरची जाळी बॉडीला जोडलेली असते, तेव्हा परतीचा सगळा करंट त्या नाजूक जाळीतून जाऊ लागतो. अँटेनाची पिन लावल्यावरच स्टिरिओ सुरू होतो, काढली की बंद, असं कुणी सांगितलं तर अनुभवी वायरमन डॅशबोर्ड उघडण्याआधीच निदान करतो: अर्थिंग गेलंय.

जुन्या सवयीतून होणारी चूक वेगळीच. जुन्या रेडिओत अनेकदा स्पीकरचं मायनस बॉडीला लावायची पद्धत होती. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतात आणि अँप्लिफायर त्यांना उलटसुलट दिशांनी ढकलतो. त्यातली एकही बॉडीला टेकली तर अँप्लिफायरची चिप गप्प होते किंवा जळते. प्लस-मायनसची अदलाबदल इतकी घातक नाही, पण एक स्पीकर आत जाताना दुसरा बाहेर येतो आणि खर्जाचा आवाज विरून जातो. ते तपासायची युक्ती स्वस्त आहे. स्टिरिओपासून सोडवलेल्या स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. कागद बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस.

आता ती शीळ. डिकीत वेगळा अँप्लिफायर बसवला की बऱ्याच गाड्यांत बारीक किणकिणता स्वर येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. अल्टरनेटरची वीज डायोडमधून सरळ होताना तिच्यात लहर उरते, इंजिनच्या वेगाबरोबर तिचा स्वर बदलतो. स्टिरिओचं अर्थिंग पुढे डॅशबोर्डमागे, अँप्लिफायरचं मागे डिकीत, आणि या दोन जागांत काही मिलिव्होल्टचा फरक. दोन्हींना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून तो फरक वाहू लागतो आणि गाण्यात मिसळतो. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्स केबल जोडल्यावर होणारी घरघर बहुधा याच जातीची.

यावर बाजारात आयसोलेटर नावाची डबी मिळते. तिच्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर शीळ अडवतो, पण स्वस्त डबीत खर्जही थोडा अडकतो. मूळ इलाज काळ्या वायरीपाशीच आहे. डिकीतल्या जाड पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, क्रिंप केलेलं रिंग टर्मिनल दातेरी वॉशरसह बोल्टने आवळायचं, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. वायर प्लसइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरहून आखूड. चारशे वॅटचा अँप्लिफायर चाळीस-पन्नास अँपिअर मागू शकतो. त्याची प्लस थेट बॅटरीपासून आणायची आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज लावायचा. पत्र्यातून जाताना वायर कापली गेली तर आगीपासून गाडी वाचवणारा तेवढाच असतो.

जेलीचा तो हात कोकणात आणि मुंबईत विशेष महत्त्वाचा. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल उघड्या लोखंडाला काही महिन्यांत गंज चढवते. आज शून्याला टेकलेला अडथळा पुढच्या पावसाळ्यानंतर तसाच राहील याची खात्री नसते. पिळून वर टेप मारलेल्या जॉइंटची हीच गत. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि वायर उघडी पडते. क्रिंप करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवलेला जॉइंट ही धग निमूटपणे सोसतो.

नव्या गाड्यांनी या हस्तकलेचा काही भाग काढून घेतला आहे. अनेक गाड्यांत चावीची वेगळी वायरच मिळत नाही. इग्निशन, रिव्हर्स, स्टिअरिंगची बटणं हे सगळे निरोप ‘कॅन बस’ या सामाईक डेटा-वायरींवरून जातात आणि त्यांचा अर्थ लावणारी वेगळी डबी लागते. वायर कापली तर वॉरंटीवरून वाद होतो, म्हणून गाडीप्रमाणे तयार कपलर आले. बोर्डावर ‘नो वायर कटिंग’ लिहिलेलं दिसतं ते त्यासाठीच. मात्र कपलर गाडीच्या मूळ अर्थिंगवरच बसतो. ती बारीक वायर कंपनीच्या साध्या रेडिओपुरती असेल, तर मोठ्या पडद्याला आणि त्याच्या पंख्याला ती पुरेलच असं नाही.

गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाइकाने तीन गोष्टी करून घ्याव्यात. आवाज चढवून स्टिरिओची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये मल्टिमीटर लावायला सांगावं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. गाणं थांबवून, आवाज वर ठेवून इंजिन रेस करावं, शीळ ऐकू येऊ नये. चावी काढून थोडा वेळ थांबून स्टिरिओ किती करंट ओढतो ते मोजून घ्यावं, तो मिलिअँपिअरमध्येच असावा. बिलात स्टिरिओची, स्पीकरची, फ्रेमची, कपलरची ओळ असते, अर्थिंगची नसते. रंग घासून बोल्ट आवळायला लागणारी पंधरा मिनिटं दुकानात गर्दी असली की सगळ्यात आधी वाचवली जातात. म्हणून स्टिरिओ कुठला घ्यायचा याआधी तो कोण बसवणार हे ठरवावं, आणि मजुरीत घासाघीस करताना आपण नेमकी कोणती पंधरा मिनिटं कापतोय याचा विचार करावा.