‘हायपर’ : कशाहून अधिक?

आपल्या व्यवसायात काही शब्द इतके अंगवळणी पडतात, की त्यांचा अर्थ विचारावा असे वाटतच नाही. ‘हायपर’ हा त्यांपैकी एक. हायपरटेन्शन, हायपरग्लायसेमिया, हायपरपायरेक्सिया असा हा उपसर्ग विद्यार्थिदशेपासून आपल्या सोबत आहे. आता तर तो दवाखान्याचा उंबरठा ओलांडून घराघरांत पोहोचला आहे. आमच्या इंदुरात नातूही आजीला सुनावतो, ‘‘आजी, उगाच हायपर होऊ नकोस!’’

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वर’ अथवा ‘पलीकडे’. लॅटिनमधील ‘सुपर’, इंग्रजीतील ‘ओव्हर’ आणि संस्कृतातील ‘उपरि’ ही त्याची भावंडे. आणि आपले मराठी ‘वर’ हे त्याच ‘उपरि’चे अपत्य. इंग्रजीने घरचा ‘ओव्हर’ आणि ग्रीकांकडून आलेला ‘हायपर’ असे दोघेही पदरी ठेवले व त्यांना बहुतांशी कामे वाटून दिली. ओव्हरवर्क, ओव्हरलोड, ओव्हरडोस हा रोजचा व्यवहार घरच्याकडे, तर शास्त्राची परिभाषा पाहुण्याकडे. आपल्याकडे हेच काम ‘अति’ करतो. अतिसार, अतिश्रम, अतिशयोक्ती ही त्याची उदाहरणे. आणि ‘अति तेथे माती’ हा त्याला मिळालेला लोकमान्य इशारा.

परंतु ‘वर’ म्हटले की ‘कशाच्या वर?’ हा प्रश्न ओघानेच येतो, आणि त्याचे उत्तर उपसर्गापाशी नसते. प्रौढाच्या रक्तात बिलिरुबिन डेसिलिटरमागे साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असते. पूर्ण दिवसांच्या, उत्तम दूध पिणाऱ्या बाळात चौथ्या दिवशी ते १० आढळले, तर आपण बहुधा आईला धीर देऊन घरी पाठवतो. तेच १० जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दिसले, तर आपली धावपळ उडते. आकडा तोच, बदलते ती मोजपट्टी. रक्तदाबाचेही तसेच. २०१७ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी प्रौढांसाठी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि तेथील कोट्यवधी माणसे, नाडीचा एक ठोकाही न बदलता, ‘हायपर’ ठरली.

येथे निदान मोजण्यासारखे काही असते. मुलाच्या चंचलपणाला मात्र रक्ततपासणी नाही. १९६८ च्या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात या विकाराचे नावच ‘हायपर’ने सुरू होत होते. १९८० मध्ये अवधानाच्या उणिवेला अग्रस्थान मिळाले आणि १९८७ मध्ये आजचे ‘एडीएचडी’ हे नाव आले. २०१३ च्या निकषांनुसार लक्षणे वयाच्या बारा वर्षांच्या आतली, किमान सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी व मुलाच्या वाढीच्या टप्प्याशी विसंगत असावी लागतात. म्हणजे ‘कशाहून अधिक?’ हा प्रश्न निदानातच गुंफलेला आहे.

तो विचारायला मी एकदा विसरलो होतो. सहा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या तक्रारीसह आला. वर्गात बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही. बाहेर गर्दी होती. मी कागदावर ‘हायपरॅक्टिव्ह’ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले. शाळेत पोहोचेपर्यंत प्रश्नचिन्ह गळून पडले, शब्द तेवढा उरला. दीड वर्षाने सर्दीसाठी आलेला तो मुलगा मला सहज म्हणाला, ‘‘मी हायपर आहे ना, म्हणून मला मागे बसवतात.’’ त्या दिवशी त्याचे कान नीट तपासले आणि त्याला श्रवणचाचणीसाठी पाठवले. दोन्ही मध्यकर्णांत द्रव साचला होता. ‘ऐकत नाही’ ही तक्रार शब्दशः खरी होती. योग्य उपचारांनंतर तो पुढच्या बाकावर स्थिरावला. माझ्या एका शब्दाने त्याची दीड वर्षे मागच्या बाकावर गेली, ही टोचणी मात्र माझ्यापाशी राहिली.

आपल्या आज्यांपाशी या बाबतीत मोठी शब्दसंपत्ती होती. अवखळ, खोडकर, हूड, द्वाड, व्रात्य, उपद्व्यापी असा प्रत्येक शब्द निराळी छटा दाखवी. ‘अचपळ’मधला ‘अ’ तर नकाराचा नव्हेच. तो चपळाई वाढवूनच सांगतो, पण त्यात आजाराची सूचना नाही. या सर्व छटा आपण एका ‘हायपर’मध्ये बुडवल्या. दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्या मुलांना हा विकार खरोखरच होता, त्यांतल्या अनेकांना ‘व्रात्य’ म्हणून छड्या खाव्या लागल्या. त्यांच्यासाठी अचूक निदान हा आधारच आहे. म्हणून शब्द टाकून देऊन भागणार नाही. तो मोजूनमापून वापरायला हवा.

आता पालक ‘‘डॉक्टर, हा फार हायपर आहे’’ असे म्हणाले, की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, ‘‘कोणापेक्षा? कुठे? केव्हापासून?’’ त्यानंतर त्याचे कान पाहतो, झोपेची चौकशी करतो, शिक्षकांशी बोलतो. यात वेळ जातो, बाहेरची रांग वाढते. पण औषधाच्या मात्रेइतकीच शब्दाची मात्राही लहान मुलाच्या बेताने द्यावी लागते, हे मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडून शिकलो.