मुंगसाच्या तावडीतून सुटलेली कोंबडी

मुंगसाने धरलेली कोंबडी सुटली तरी तिच्याकडे बघवत नाही. पाठीची कातडी उचकटलेली, खालचं लालभडक मांस उघडं, पिसं रक्तात माखून चिकटलेली, मान एका बाजूला कललेली. शेजारच्या काकू वाकून बघतात आणि निकाल देऊन मोकळ्या होतात, ‘‘वहिनी, ही काही राहत नाही. सुरी फिरवा, निदान कालवण तरी होईल.’’ पण हीच कोंबडी महिना-दीड महिन्यात परसात दाणे टिपताना दिसू शकते. पाखराचं शरीर जखमेशी झुंजतं ते आपल्यापेक्षा फार निराळ्या तऱ्हेने. ती तऱ्हा समजली, की घरी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे आपोआप उलगडतं.

पहिली गंमत तिच्या निपचित पडण्यात आहे. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने १६४६ साली एक ‘अद्भुत प्रयोग’ लिहून ठेवला. पाय बांधलेली कोंबडी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या चोचीपुढे खडूची रेघ ओढली, की ती पाय सोडल्यावरही हलत नाही. त्यात रेघेची करामत काहीच नाही. घट्ट धरलं गेल्यावर थिजून जाणं हा कोंबडीचा उपजत बचाव आहे. भक्ष्य हलेनासं झालं, की शिकाऱ्याची पकड सैल पडते आणि निसटायची एक संधी मिळते. म्हणून मेल्यागत पडलेली कोंबडी मेलीच असं धरून चालू नये. खोक्यात जुनं सुती कापड घालून तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावं. तिच्या अंगाचं तापमान एरवी ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे असतं आणि धक्क्याने ते झपाट्याने उतरतं. खोक्याच्या एका बाजूला बल्ब लावावा, दुसरी बाजू मोकळी ठेवावी. गरम झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. उचलताना छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खालीवर झालं तरच श्वास चालतो.

आता रक्त. दीड किलोच्या कोंबडीत ते जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर. तरीही सस्तन प्राण्यांच्या मानाने पक्षी रक्तस्राव चांगला सोसतात, कारण आजूबाजूच्या ऊतींतलं पाणी चटकन रक्तवाहिन्यांत ओढलं जातं. रक्त गोठवण्याच्या आपल्या साखळीतला बारावा घटक त्यांच्याकडे नाहीच. त्यांची सारी भिस्त फाटलेल्या मांसातून सुटणाऱ्या द्रव्यावर. स्वच्छ सुईने थेट शिरेतून काढलेलं कोंबडीचं रक्त नळीत बराच वेळ पातळ राहतं, पण तेच दातांनी फाटलेल्या मांसाला लागलं की भराभर थिजतं. तेव्हा धरलेल्या गुठळ्या खरवडून काढू नयेत. रक्त वाहतच असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं, मधेमधे उचलून न बघता, दाबून धरावं.

तुऱ्याला जखम झाली तर रक्ताची नुसती धार लागते. पण हा भरपूर रक्तपुरवठाच तुऱ्याला तारतो. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला आणि तो तिथे चिकटून राहिला. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

जखम धुताना मात्र सावध. कोंबडीच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पोटात, छातीत पसरलेल्या असतात; पंखाच्या वरच्या हाडातही त्यांची हवा खेळते. ते हाड मोडून बाहेर आलं असेल आणि आपण त्यावर पाणी ओतलं, तर ते श्वासमार्गात शिरू शकतं. जखमेभोवतीची कातडी फुगली आणि दाबल्यावर बोटाखाली चुरचुरली, तर आतली हवा गळते आहे असं समजावं. अशी खोल जखम ओल्या कापडाने नुसती टिपून घ्यावी. वरवरची असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून बिनसुईच्या सिरिंजने धुवावी. पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नको. जंतूंबरोबर नव्याने धरणाऱ्या पेशीही त्यात जळतात.

आपली जखम चिघळली की पू वाहतो, कोंबडीचा वाहत नाही. जंतूंशी लढणाऱ्या तिच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी द्रव्यं अपुरी असतात. त्यामुळे तो खव्यासारखा घट्ट होऊन आतच बसतो आणि चीर देऊन, कोरून काढावा लागतो. कातडीखाली टणक गोळा लागला, तर शेकून उपयोग नाही. ते काम डॉक्टरांचं.

घरातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन लाखोंनी मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पाखराच्या शरीरात औषध कसं वागेल, याचा अंदाज माणसाच्या डोसवरून बांधता येत नाही. ‘केन’ने नाव संपणारी बधिरतेची मलमंही टाळावीत.

पाणी चोचीत ओतू नये, कारण जिभेच्या मागेच श्वासनळी उघडी असते. चोचीचं टोक ओलं करावं, मग ती स्वतः पिते. जखमी कोंबडीला कळपात ठेवू नये. लाल जखम दिसली की बाकीच्या टोचून टोचून तिचा जीव घेतात. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड हवंच. माशीने घातलेल्या अंड्यांतून उबेत एका दिवसाच्या आत अळ्या पडतात.

पोट फाटलं असेल, हाड मोडलं असेल, जखमेला वास येत असेल किंवा दिवसभरात दाणा शिवला नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर विचारावं. प्रतिजैविक दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तिथेच विचारून घ्यावं, कारण औषध अंड्यात उतरतं.

मुळापासून उपटलेली पिसं लवकरच पुन्हा फुटू लागतात. अर्धवट तुटलेली मात्र पुढची पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तशीच राहतात. पाठ पिसांनी भरू लागली की कोंबडी कळपात सोडायला हरकत नाही. पण त्याआधी खुराड्याला अर्ध्या इंचाची पक्की जाळी ठोका आणि खालची भोकं बुजवा. एकदा वाट सापडलेलं मुंगूस परत येतंच.